एकाच चावीची गाडी
लेखमाला – गाडीचं गणित : भाग ९

जुनी गाडी बघायला गेलं की आपल्याकडे आधी टायर बघतात, मग बॉनेट उघडून इंजिन ऐकतात, मग कुठे रंग मारलाय का ते नखाने खरवडून बघतात. चाव्या किती आहेत, हे कुणी विचारत नाही. धाराशिव, कळंब, उमरग्याच्या बाजारात पुण्या-मुंबईकडून जी वापरलेली गाडी येते, तिच्याबरोबर बऱ्याचदा एकच चावी येते. ‘दुसरी घरात कुठंतरी आहे, पाठवून देतो,’ असं आधीचा मालक म्हणतो. कागद नावावर होतात, पेढे वाटले जातात, चावी काही येत नाही. या सौद्यातली सगळ्यात महाग गोष्ट हीच ठरू शकते, असं माझं मत आहे आणि त्याचं कारण चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात लपलेलं आहे.

सुरुवातीच्या मारुती ८०० ची चावी म्हणजे नुसती कापलेली धातूची पट्टी. हरवली तर चौकातला चावीवाला कानशीने घासून दुसरी करून द्यायचा, चहा होईपर्यंत काम तमाम. आजच्या चावीची पट्टी तशीच घासता येते, तिने दारही उघडतं. पण गाडी चालू करायला गेलात की इंजिन फिरतं आणि पेट घेत नाही, किंवा पेट घेऊन दोन सेकंदांत बंद पडतं. मीटरवर छोटा लाल दिवा लुकलुकायला लागतो. मारुतीवाले या व्यवस्थेला ‘आयकॅट्स’ म्हणतात, बाकीच्यांकडे तिचं नाव ‘इमोबिलायझर’.

चावीच्या डोक्यात नखावर मावेल एवढी चिप असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. स्टिअरिंगजवळ जिथे चावी घालतो, त्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. चावी फिरवली की ते वेटोळं साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरी सोडतं आणि त्याच लहरींतून चिपला जागं होण्यापुरती वीज मिळते. मग गाडी एक आकडा फेकते, दर वेळी नवा. चिप आपल्या पोटातल्या गुप्त संख्येने त्यावर गणित करून उत्तर देते. तेच गणित गाडीनेही केलेलं असतं. दोन्ही उत्तरं जुळली तर इंजिनाला परवानगी. गुप्त संख्या हवेतून कधीच जात नाही, म्हणून नुसतं ऐकून चोराच्या हाती काही लागत नाही.

दार उघडणारी बटणं हा वेगळा मामला आहे. ती बॅटरीवर चालतात, बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास. किल्ल्याच्या दरवाजावर रोज परवलीचा शब्द बदलायचा, तसा इथे प्रत्येक दाबाला संकेत बदलतो. कालचा आज चालत नाही. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि रिमोटचा सेल संपला की गाडी बंद पडली म्हणून क्रेन बोलावतात. बटणाने चालू होणाऱ्या गाडीचा सेल संपला असेल, तर चावीच्या पोटात लपवलेली धातूची पट्टी ओढून काढा, तिने दार उघडा, आणि चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबा. बऱ्याच गाड्या चालू होतात, कारण बिनबॅटरीची चिप अजून जागेवर असते. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते. ती पुस्तिकेत लिहिलेली असते, आणि पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात कोरी पडलेली असते.

खरी पंचाईत सगळ्या चाव्या गेल्यावर. शारदीय नवरात्रातलं तुळजापूर डोळ्यांसमोर आणा. गाडी लांबच्या वाहनतळावर, तिथून चालत महाद्वार, पायऱ्या, कल्लोळ तीर्थ, गोमुख, दर्शनाची रांग. ओले कपडे बदलताना खिशातून चावी कुठे घसरली हे देवीलाच ठाऊक. गाडीची दुसरी चावी घरी असेल तर कुणीतरी घेऊन येईपर्यंतचाच खोळंबा. एकच असेल तर स्टिअरिंगला कुलूप पडलेलं असतं, चाकं वळत नाहीत, दोर बांधून ओढून नेता येत नाही. गाडी उचलून सपाट पाठीच्या ट्रकवर घालावी लागते आणि बहुतेक वेळा सोलापूर गाठावं लागतं, ४५ किलोमीटर. त्यात कोजागरीच्या सुमारास आलात तर सोलापूर रस्त्यावर पायी येणाऱ्या भाविकांचा पूर असतो आणि वाहनांची वाहतूक वळवलेली असते.

शोरूममध्ये आरसी, मालकाचं ओळखपत्र आणि अनेकदा पोलिसांकडची गहाळ नोंद मागतात. ती कटकट वाटते, पण तुमच्या गाडीची चावी दुसऱ्याच्या तोंडी शब्दावर बनू नये म्हणूनच ती आहे. मग १७ अक्षर-अंकी चॅसिस नंबरवरून कंपनीकडून कोड मागवला जातो, कोरी चावी येते, आणि गाडीच्या संगणकाला नव्या चिपची ओळख करून दिली जाते. काही मॉडेलांत अख्खा कुलपांचा संच किंवा कंट्रोल युनिटच बदलायला सांगतात. साधी चावी शेकड्यांत होते, चिपची हजारांत जाते, आणि हा प्रकार त्याहून कितीतरी वर. एक चालू चावी हाताशी असताना दुसरी करून घेणं यापुढे किरकोळ आहे.

रस्त्यावरचा चावीवालाही आता बदललाय. मराठवाड्यात या धंद्यात शिकलकरी शीख समाजातली बरीच माणसं आहेत. कानस त्यांच्या पेटीत अजून असते, पण तिच्याशेजारी टॅबही असतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला वायर जोडून ते नवी चिप गाडीला शिकवतात. काम चोख असतं, शोरूमपेक्षा स्वस्तही. एकच गोष्ट हट्टाने करून घ्या: हरवलेली चावी गाडीच्या स्मरणातून पुसायला लावा. न पुसलेली चावी ज्याला सापडेल, त्याची गाडी. आणि ‘इमोबिलायझर बायपास करून देतो, स्वस्तात पडेल’ असं कुणी म्हटलं तर हात जोडून निघा.

बायपासचा अर्थ काय होतो, हे अमेरिकेत दिसलंय. तिथे ह्युंदाई आणि कियाने २०११ पासूनच्या कित्येक गाड्यांत इमोबिलायझर घातलाच नव्हता. कॅनडात २००७ पासून सक्ती, म्हणून तिथे घातला. अमेरिकेत सक्ती नाही, म्हणून पैसे वाचवले. २०२१-२२ मध्ये पोरांनी कुलपाचं झाकण उचकटून यूएसबीच्या टोकाने गाड्या पळवायला सुरुवात केली आणि ती करामत टिकटॉकवर पसरली. २०२३ मध्ये कंपन्यांना लाखो गाड्यांना सॉफ्टवेअरची ठिगळं लावावी लागली.

चिप असली म्हणजे अभेद्य, असंही नाही. ‘मेगामोस’ नावाच्या चिपचं गणित युरोपातल्या संशोधकांनी फोडलं, तेव्हा फोक्सवॅगनने २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयातून तो निबंध रोखला; तो २०१५ मध्ये बाहेर आला. खिशात चावी ठेवून उघडणाऱ्या गाड्यांचा सिग्नल लांबवून चोरी करतात, हेही खरं. आपल्याकडे मला त्याहून मोठी भीती वाटते ती खिशाला पडलेल्या भोकाची.

विम्याचं तेवढं सांगायचं राहिलं. गाडी चोरीला गेली आणि दावा केला की कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एकच दिलीत तर दुसरी कुठे गेली, गाडीत राहिली होती का, अशी चौकशी सुरू होते, आणि ‘निष्काळजीपणा’ हा शब्द कागदावर यायला वेळ लागत नाही. म्हणून चावी हरवली की त्याच दिवशी पोलिसांत नोंद करून पावती जपा. चावी बदलण्याचा खर्च देणारं जोडकलम काही कंपन्या देतात, पण ते वेगळं घ्यावं लागतं, आणि वर्षात किती वेळा दावा करता येईल यालाही मर्यादा असते.

आणि सौदापावतीवर ‘चाव्या : दोन’ असं लिहून घ्या. एकच असेल तर दुसरीचा खर्च किमतीतून वजा करा. बऱ्याच गाड्यांत संगणकाला किती चाव्या ओळखीच्या आहेत ते स्कॅनरवर दिसतं, मेकॅनिककडून एकदा बघून घ्या. दोनऐवजी तीन निघाल्या, तर पैसे मोजण्याआधी तिसरी कुणाकडे आहे ते विचारा.