लाटेवरचा रोजगार

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. पण ऊसतोडीसाठी दरवर्षी हजारो कुटुंबे जिल्हा सोडतात. येथील तरुणांनी किनाऱ्यावरच्या एका हंगामी धंद्याचीही माहिती ठेवावी. तो म्हणजे सर्फिंग, फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा खेळ.

या धंद्याचे भांडवल चांगली लाट. आणि ती शोधावी लागते. उथळ तळाला अडखळून लाट फुटते. म्हणून जाणकार आधी पाण्याखालची वाळू आणि खडक पाहतात. पहाटेचे मतलई वारे लाट उभी ठेवतात, दुपारचे खारे वारे ती विस्कटतात. मालवणजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. अशा मुखाशी वाळूचे पट्टे जागा बदलतात. यंदाची लाट पुढच्या वर्षी तेथेच मिळेल, याची खात्री नसते. ओहोटीची ओढ तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आत नेते.

हे ज्ञान मच्छीमारांकडे पिढीजात असते. कर्नाटकात मुल्की येथे २००४ मध्ये मंत्र सर्फ क्लब निघाला. तमिळनाडूतील कोवलमचे मच्छीमार मूर्ती मेगवान स्वतः लाटेवर शिकले आणि उद्योजक अरुण वासू यांच्या साथीने त्यांनी सर्फ शाळा उभी केली. गावातील मुले तेथे प्रशिक्षक झाली.

पश्चिम किनाऱ्यावर नवशिक्यांचा हंगाम पावसाळा सरल्यावर, म्हणजे ऊसतोडीच्याच महिन्यांत असतो. मात्र फळी घेण्याआधी पोहणे व जीवरक्षण शिकावे, आणि पाण्यात उतरण्याआधी स्थानिक मच्छीमाराला विचारावे. त्याचा सल्ला हाच खरा विमा.