आर्थर वॉर्टन : एका विसरलेल्या गोलकीपरची हकीगत

श्रोतेहो, इंग्लंडांत बर्टन या गांवाजवळ सेंट जॉर्जेस पार्क नांवाचें फुटबॉलचें राष्ट्रीय शिक्षणकेंद्र आहे. त्या देशाचे निवडक खेळाडू तेथें सरावासाठीं जमतात. या केंद्राच्या आवारांत २०१४ सालच्या ऑक्टोबरांत एका गोलकीपरचा ब्राँझचा पुतळा बसविण्यांत आला. पुतळा ज्याचा, त्या आर्थर वॉर्टनला मरून त्या वेळीं जवळजवळ ८४ वर्षें झालीं होतीं; आणि त्यांपैकीं पहिलीं ६६ वर्षें त्याच्या थडग्यावर नांवाचा साधा दगडसुद्धां नव्हता. हजारों लोकांनीं ज्याच्या खेळाला टाळ्या दिल्या, तो माणूस असा विस्मृतींत कां गेला आणि पुन्हां कसा सांपडला, तें आज आपणांस सांगावें असा माझा हेतु आहे.

आर्थरचा जन्म २८ ऑक्टोबर १८६५ रोजीं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील अक्रा शहरांत झाला. त्या देशास आज घाना म्हणतात. १९५७ पर्यंत तो ब्रिटिशांच्या ताब्यांत होता व त्यास गोल्ड कोस्ट, म्हणजे सुवर्णकिनारा, असें नांव होतें. वडील हेन्री वॉर्टन हे मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. ते मूळचे वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटाचे; त्यांचे वडील स्कॉटिश व आई आफ्रिकन वंशाची. आर्थरची आई ॲनी फ्लॉरेन्स ही फांटी लोकांच्या राजघराण्याशीं नातें सांगणाऱ्या कुळांतली. परंतु तिचेही वडील स्कॉटिशच. म्हणजे आर्थरचे दोन्ही आजे स्कॉटलंडचे आणि दोन्ही आज्या आफ्रिकन रक्ताच्या. हिशेबानें पाहिलें तर तो जितका आफ्रिकन तितकाच स्कॉटिश. परंतु समाज असला हिशेब मांडीत बसत नाहीं. तो कातडीचा रंग पाहून मोकळा होतो. इंग्लंडांत आर्थर जन्मभर ‘काळा’ म्हणूनच ओळखला गेला.

मुलानें वडिलांच्याच मार्गानें जावें, धर्मप्रसाराचें काम करावें, या हेतूनें त्यास शिक्षणासाठीं इंग्लंडांत ठेवण्यांत आलें. उत्तरेकडील डार्लिंग्टन गांवीं क्लीव्हलँड कॉलेजांत तो शिकूं लागला. पण धर्मग्रंथांपेक्षां मैदानाचीच ओढ अधिक ठरली. धांवणें, क्रिकेट, सायकल, फुटबॉल, ज्यांत हात घालावा त्यांत तो चमके. जुलै १८८६ मध्यें लंडनच्या स्टॅम्फर्ड ब्रिज मैदानावर हौशी धांवपटूंच्या राष्ट्रीय संघटनेच्या शर्यती झाल्या. १०० यार्डांची धांव वॉर्टननें १० सेकंदांत जिंकली. अजिंक्यपदाच्या त्या शर्यतींत तोंपर्यंत इतक्या थोड्या वेळांत कोणीही धांवलें नव्हतें. दुसऱ्या वर्षीं, १८८७ सालीं, त्यानें तेंच पद पुन्हां मिळविलें. पाय रोंवण्यास आजच्यासारखे ठोकळे त्या काळीं नव्हते, हें लक्षांत घेतलें म्हणजे या वेगाची खरी किंमत कळते.

येथें एक गोष्ट थोडी फोड करून सांगितली पाहिजे. त्या काळच्या इंग्लंडांत खेळाडूंच्या दोन जातीच होत्या म्हणाना! एक हौशी आणि दुसरी धंदेवाईक. हौशी खेळाडू म्हणजे ज्याच्या घरीं खायला आहे, जो केवळ आनंदासाठीं खेळतो, असा सद्गृहस्थ. पैसे घेऊन खेळणारा तो धंदेवाईक. त्याच्याकडे भल्या घरचे लोक मजुराच्या नजरेनें पाहत. फुटबॉल हा प्रथम मोठ्या शाळांतून वाढलेला खेळ. पण लँकेशायरच्या गिरण्यांच्या गांवांत तो शिरला, तेव्हां निराळाच प्रश्न उभा राहिला. गिरणींतला तरुण दूरच्या सामन्यास गेला तर त्याची दिवसाची मजुरी बुडे. ती भरून कोण देणार? क्लब चोरून पैसे देऊं लागले, त्यावरून तंटे झाले, आणि अखेर जुलै १८८५ मध्यें इंग्लिश फुटबॉल असोसिएशननें पगारी खेळाडूंना मान्यता दिली. तीन वर्षांनीं, १८८८ सालीं, १२ क्लबांनीं मिळून फुटबॉल लीग स्थापन केली. वॉर्टन मैदानांत उतरला तो नेमका या संधिकालांत.

डार्लिंग्टनच्या संघांत गोलकीपर म्हणून खेळतांना त्याच्यावर प्रेस्टन नॉर्थ एंड या बलाढ्य क्लबाची नजर गेली. १८८६-८७ च्या हंगामांत तो प्रेस्टनकडून खेळला. संघ एफ. ए. कपाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोंचला व तेथें वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडून हरला. पुढें वॉर्टननें प्रेस्टन सोडलें आणि शेफील्ड येथें पैशाच्या शर्यती धांवूं लागला. इकडे १८८८-८९ सालीं प्रेस्टननें एकही सामना न हरतां लीग जिंकली व कपही मिळविला! तो संघ इतिहासांत ‘अजिंक्य’ म्हणून अमर झाला. पण त्याच्या नामावळींत वॉर्टन नव्हता. १८८९ मध्यें रॉदरहॅम टाऊन या क्लबानें त्यास पगारावर घेतलें. जगांतला पहिला कृष्णवर्णी धंदेवाईक फुटबॉल-खेळाडू म्हणून आज त्याचें नांव घेतात तें या करारामुळें. कृष्णवर्णी खेळाडू त्याच्या पूर्वींही झाले. ब्रिटिश गियानांत जन्मलेला अँड्र्यू वॉटसन हा त्यांपैकींच. त्याचे वडील स्कॉटिश होते. १८८१ सालीं त्याच्या नायकत्वाखालीं स्कॉटलंडनें इंग्लंडला लंडनमध्यें ६-१ असें हरविलें. पण वॉटसन हौशी गृहस्थ होता. वॉर्टन पोटासाठीं खेळत होता.

आणि तें पोट भरणें सोपें नव्हतें! आजचा गोलकीपर कायद्याच्या छत्राखालीं उभा असतो. त्या काळीं चेंडू धरलेल्या गोलकीपरला खांद्यानें धडक देऊन चेंडूसकट गोलांत लोटणें हा खेळाचाच भाग समजला जाई. म्हणून चेंडू कवटाळून उभें राहण्यापेक्षां तो मुठीनें दूर उडविणें शहाणपणाचें असे, आणि वॉर्टनच्या मुठीचा दरारा मोठा होता. दुसरीकडे, १९१२ सालापर्यंत गोलकीपरला आपल्या अर्ध्या मैदानांत कोठेंही चेंडूस हात लावण्याची मुभा होती. ज्याच्या पायांत १० सेकंदांचा वेग आहे, त्यास या मुभेचा केवढा फायदा! वॉर्टन गोलाच्या एका कोंपऱ्यांत दबा धरून बसे व अगदीं शेवटच्या क्षणीं झेंप घेई. त्यामुळें प्रेक्षक त्याच्यावर लुब्ध असत.

१९४२ सालीं शेफील्डच्या एका वृत्तपत्रांत एका जुन्या प्रेक्षकाचें पत्र आलें होतें. ऑलिव्ह ग्रोव्ह मैदानावर वॉर्टननें उडी मारून गोलाची आडवी दांडी पकडली, लोंबकळत चेंडू दोन्ही पायांत धरला, आणि अंगावर धांवून आलेले तीन प्रतिस्पर्धी जाळ्यांत जाऊन कोसळले, असें त्यानें लिहिलें आहे. पन्नासांहून अधिक वर्षें सामने पाहूनही असा बचाव पुन्हां दिसला नाहीं, असेंही तो म्हणतो. वॉर्टनला मरून तेव्हां अकरा वर्षें झालीं होतीं. त्याचें थडगें तेथून फार दूर नव्हतें, आणि त्यावर नांव नव्हतें.

१८९४ सालीं शेफील्ड युनायटेड या पहिल्या श्रेणीच्या क्लबानें त्यास घेतलें. फेब्रुवारी १८९५ मध्यें तो संडरलंडविरुद्ध खेळला. इंग्लिश फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणींत खेळणारा तो पहिला कृष्णवर्णी मनुष्य. पण त्याच क्लबांत विल्यम फौक नांवाचा विशीचा, धिप्पाड गोलकीपर पुढें येत होता. वॉर्टन एकोणतिशींत होता. जागा फौकला मिळाली. त्यानंतर स्टेलीब्रिज, ॲश्टन अशा लहान क्लबांतून फिरत फिरत १९०२ सालीं स्टॉकपोर्ट कौंटी येथें त्याचा खेळ संपला.

इंग्लंडच्या राष्ट्रीय संघांत वॉर्टनला एकदांही स्थान मिळालें नाहीं. याउलट १८९६ सालीं आपले रणजितसिंहजी इंग्लंडतर्फे क्रिकेट खेळले व पहिल्याच कसोटींत त्यांनीं नाबाद १५४ धांवा काढल्या. वर्णानें तेही गोरे नव्हते. पण ते केंब्रिजमध्यें शिकलेले, राजघराण्यांतले आणि हौशी होते. ही तुलना एका खेळाची दुसऱ्या खेळाशीं आहे, हें मी जाणतों. तरी तिच्यावरून मला असें वाटतें कीं, एकटा रंग एखादे वेळीं माफ होत असे, एकटी गरिबीही होत असे. दोन्ही एकत्र आलीं म्हणजे मात्र दार उघडत नसे.

खेळ संपल्यावर काय? १९०१ पासून लीगमधील खेळाडूचा पगार आठवड्यास जास्तींत जास्त ४ पौंड असा ठरविण्यांत आला होता. वॉर्टनसारख्याला तेवढा तरी कोठून मिळणार? निवृत्तिवेतन तर नव्हतेंच. ज्या शरीरावर पोट चाले, तें शरीर थकलें कीं संपलें. वॉर्टन डॉनकॅस्टरजवळील एडलिंग्टन येथें कोळशाच्या खाणींत माल ओढण्याच्या कामावर मजूर म्हणून राहिला. १३ डिसेंबर १९३० रोजीं, वयाच्या ६५ व्या वर्षीं, तो वारला व तेथील स्मशानांत गरिबांच्या जागेंत त्यास पुरण्यांत आलें.

पुढें शेफील्डमध्यें फुटबॉलमधील वर्णद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या मंडळींनीं त्याचा शोध घेतला. त्यांच्या खटपटीनें १९९७ सालीं थडग्यावर दगड बसला. फिल व्हॅसिली या अभ्यासकानें १९९८ मध्यें त्याचें चरित्र प्रसिद्ध केलें. २००३ सालीं इंग्लिश फुटबॉलच्या सन्मानमंदिरांत त्याचें नांव आलें, आणि नंतर तो पुतळा.

श्रोतेहो, या शोधांत सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट कोणती म्हणाल, तर वॉर्टनचें नांव कधीं हरवलेंच नव्हतें. १८८६ व १८८७ च्या विजेत्यांच्या यादींत तें छापलेलें होतें. क्लबांच्या दप्तरांत होतें, जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइलींत होतें, म्हाताऱ्या प्रेक्षकांच्या तोंडीं होतें. नोंद होती, आठवण नव्हती. नोंद कागद ठेवतो, पण आठवण माणसांनीं ठेवावी लागते, आणि ती कोणाची ठेवावयाची हें समाज आपल्या आवडीनिवडीप्रमाणें ठरवितो. राजपुत्राची आठवण आपोआप राहते. खाणींतल्या मजुराची राहावी असें वाटत असेल, तर कोणीतरी उठून दप्तर उघडावें लागतें.

अशीं दप्तरें केवळ शेफील्डमध्येंच आहेत असें नाहीं. आपल्या शाळांच्या, तालमींच्या व क्रीडामंडळांच्या कपाटांतही जुन्या विजेत्यांच्या याद्या पडलेल्या असतात. त्यांतील एखादें अनोळखी नांव घेऊन तो मनुष्य कोण होता व पुढें त्याचें काय झालें, इतकें जरी घरांतल्या मुलांनीं वडीलधाऱ्यांना विचारलें, तरी पुष्कळ झालें. ६६ वर्षें थांबण्याची पाळी मग दुसऱ्या कोणावर येणार नाहीं.