खारपाणपट्टा व रक्ताचा दाब

पूर्णाकांठीं दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, बाळापूर या तालुक्यांतून पसरलेला खारपाणपट्टा आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. खाऱ्या विहिरीवर ओलीत केल्यानें जमीन चोपण होते, हें आपण जाणतोंच. परंतु तेंच पाणी प्याल्यानें शरीरांतहि मिठाची भर पडते, इकडे फारसें लक्ष जात नाहीं. मीठ वाढलें कीं शरीर पाणी धरून ठेवतें आणि रक्ताचा दाब चढतो.

जमिनींतील खार पीक पिवळें पडून सांगतें. चढलेला दाब मात्र बहुधा कांहींच न सांगतां हृदय, मेंदू व मूत्रपिंडें यांची हानि करितो. म्हणून तिशी उलटलेल्या प्रत्येकानें वर्षांतून एकदां तरी तो मोजून घ्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रांत मोजणी व गोळ्या विनामूल्य मिळतात. निरनिराळ्या दिवशीं मोजूनहि वरचा आंकडा १४० किंवा खालचा ९० भरल्यास डॉक्टरांचा उपचार घ्यावा.

पिण्यास नळयोजनेचें गोडें पाणी वापरावें. उकळल्यानें खार जात नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी मीठ सांगितलें आहे. लोणचें, पापड व ठेचा यांतील मीठहि त्यांतच धरावें. तंबाखू सोडावी.

बरें वाटतें म्हणून गोळी आपल्या मनानें बंद करूं नये, असें आम्ही आग्रहानें सांगतों. पेरणीच्या घाईंत गोळ्या राहिल्या आणि पक्षाघातानें घरचा कर्ता अंथरुणास खिळला, तर पुढील हंगाम कोणीं सांभाळावा?