गल्लीची बाग

बाग म्हटली की आधी फुले आठवतात, मग झाडे, आणि फार झाले तर माळी. कागद मात्र कुणालाच आठवत नाही. पण दहा-बारा घरांनी मिळून करायची बाग मातीत रुजण्याआधी कागदावर रुजावी लागते, हे गेले दोन महिने आमच्या गल्लीत मी पाहते आहे. वाचकांपैकी कुणाच्या मनात असा बेत असेल, तर आमच्या गल्लीतला हा खल त्यांना उपयोगी पडावा म्हणून हा प्रपंच.

आमचे अणदूर हे तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे गाव. गल्लीत घरे अकरा. टोकाला एका पडक्या माळवदी घराची जागा आहे, गुंठ्याहून थोडी जास्त. दगडमाती, वेडी बाभूळ आणि वाऱ्याने आणून टाकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या एवढेच तिथले पीक. मालक शहरात स्थायिक झालेले. फोनवर विचारले तेव्हा ते म्हणाले, “करा की काहीतरी. पडूनच आहे.” गल्लीला आनंद झाला, आणि वादाला तिथूनच सुरुवात झाली.

निवृत्त गुरुजींना देवाला वाहायला झेंडू, शेवंती हवी. कोपऱ्यावरच्या दुकानदार अण्णांना लिंबू आणि कढीपत्ता. आम्हा बायकांना मेथी, शेपू, चुका, अंबाडी, वांगी आणि मिरची. कुंपणाला घेवडा आणि दोडका चढवायचा, कडेला एक शेवगा लावायचा, इथपर्यंत सारे हसतखेळत ठरले. मग रोजंदारीवर जाणाऱ्या मावशी, ज्या इतका वेळ उंबऱ्यावर गप्प बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “बाग हुईल वो. पर पानी कुनाचं?”

बैठक गप्प झाली. मराठवाड्यात हा प्रश्न विचारल्यावर कुणीही गप्पच होतो. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते इथे कुणी विसरलेले नाही. त्या उन्हाळ्यात घागरीसाठी ताटकळलेल्या बाईला फुलझाडांचे कौतुक सांगायला जीभ उचलत नाही.

म्हणून आम्ही हिशेब मांडला. एक गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद. सुमारे शंभर चौरस मीटर. वाटा, कुंपण आणि खताचा खड्डा वगळला की वाफ्यांना निम्मी जागा उरते. भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरमागे दिवसाला चार-पाच लिटर पाणी धरले तर अडीचशे लिटर झाले. अकरा घरांत वाटले की घरामागे तेवीस लिटर, म्हणजे दोन लहान बादल्या. भाजी-तांदूळ धुतलेले आणि भांडी विसळलेले एवढे पाणी प्रत्येक घरातून रोज गटारात जातेच. राखेने घासलेल्या भांड्यांचे पाणी वाफ्याला चालते. साबणाचे मात्र वेगळे काढून शेवग्याच्या आळ्यात सोडायचे. वर उसाच्या पाचटाचे किंवा तुरीच्या भुसाचे आच्छादन घातले की ऊन पाणी पळवत नाही. प्रश्न सुटला असे वाटले.

सुटला नव्हता. ज्यांच्या घरी बोअर आहे ते अण्णा म्हणाले, “उन्हाळ्यात माझंच पाणी लागणार. मग भाजीत माझा वाटा दुप्पट हवा.” बोलणे अगदीच गैर नव्हते. पण मावशींच्या घरात खाणारी तोंडे सात, आणि नळाला येणारे पाणी सर्वांत कमी. पाण्यावर वाटा ठरला तर ज्यांना भाजीची गरज जास्त, त्यांच्याच हाती जुडी लहान येणार. बागेतून भांडण उगवते ते इथे.

हा तंटा महाराष्ट्राला नवा नाही, आणि त्याचा निवाडाही नवा नाही. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे या अभियंत्याने पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा, की पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, माणसांवर ठरायचा. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकराचे. भूमिहीनाचाही पाण्यावर हक्क, आणि उसाला बंदी. त्याहून जुना दाखला खानदेशातला. पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीत शेतकरी आपापल्या मनाने पाटाचे पाणी घेत नसत. ते देण्यासाठी पाटकरी नेमलेला असे. साऱ्यांचे पाणी एकाच्या लहरीवर जाऊ नये, ही त्यातली समजूत. अमेरिकेतल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीला 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच गोष्टींच्या अभ्यासासाठी. सामाईक मालमत्तेची नासाडी होणारच असे नाही. वापरणाऱ्यांनीच नियम केले आणि पाळले तर ती टिकते, हे त्यांनी जगभरची उदाहरणे तपासून दाखवले.

पण नोबेलपर्यंत जायचे तरी कशाला? आमच्या गावाचा देवच सामाईक आहे. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाची देवळे दोन, मूर्ती एक. ती सव्वादहा महिने अणदूरला असते आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. देव न्यायचा-आणायचा तो दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार करून. दोन गावांत प्रेम नाही म्हणून कागद करावा लागतो असे कुणी म्हणत नाही. उलट कागद आहे म्हणून प्रेमाला धक्का लागत नाही. गुरुजींनी बैठकीत हीच आठवण काढली. “देव वाटून घेता येतो, मग मेथी का येऊ नये?” सारे हसले. अण्णाही हसले. त्या हसण्यातून आमचा करार निघाला.

वाटा घरातल्या तोंडांवर. काम मात्र घरागणिक सारखे. पाणी ज्याला जमेल त्याने द्यावे. त्याचा मोबदला भाजीत नको, पण बोअरच्या विजेचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा. आठवड्याला एक घर पाटकरी. कुणाला किती जुड्या गेल्या ते त्याने वहीत लिहायचे. शेळी आत शिरली तर शेळीवाल्याने दोन दिवस जादा पाणी घालायचे. आणि कुठल्याही घरच्या माणसाने पाण्याच्या टाकीला, हौदाला हात लावला तर कुणी नाक मुरडायचे नाही. हे शेवटचे कलम लिहायची गरज नाही असे दोघे-तिघे म्हणाले. मावशी म्हणाल्या, “गरज न्हाई तर लिवायला काय हुतंय?” कलम लिहिले गेले.

मालकांशीही कागद केला. तीन वर्षे जागा वापरायची, मागतील तेव्हा हंगाम संपवून मोकळी करायची. न्यूयॉर्कची हकीकत यासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिथे 1973 मध्ये लिझ क्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी एका ओसाड जागेतला कचरा उपसून बाग केली. पुढच्या वर्षी नगरपालिकेने ती जागा महिना एक डॉलर भाड्याने रीतसर दिली. पाहता पाहता शहरभर अशा बागा झाल्या. पण 1999 मध्ये त्यांतल्या शंभराहून अधिक बागांच्या जागा लिलावात काढायचे ठरले, तेव्हा धर्मादाय संस्थांनी त्या विकत घेऊन वाचवल्या. बाग कितीही बहरली तरी जमीन कुणाची हा प्रश्न मुळाशी राहतोच.

एवढा खटाटोप चार जुड्यांसाठी का, असे कुणी विचारील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. बाजारची भाजी महागली की घरात सर्वांत आधी बाईच्या ताटातली भाजी कमी होते, हे सांगायला पाहणीचीही गरज नाही. आमच्याच जिल्ह्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साथीने अनेक शेतकरी बायकांनी घरच्या जमिनीतला एकेक एकर मागून घेतला आणि त्यात आधी घरच्या ताटासाठी भाज्या, डाळी लावल्या. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे जपले, म्हणून त्यांना पद्मश्री मिळाली. पण एकर मागायला घरी जमीन असावी लागते. मावशींनी कुणाकडे मागायचा?

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे येळवस असते. गाव ओस पडते आणि शिवारे भरतात. कडब्याची कोप, तिच्यात पूजा, मग भज्जी, आंबील आणि साऱ्यांची एकत्र पंगत. ज्यांना शेत नाही त्यांनाही आग्रहाने बोलावतात. त्या दिवशी कुणी उपाशी राहत नाही. पण पाहुणा तो पाहुणाच.

दिवाळीपासून येळवस दोन महिन्यांवर. मेथी, शेपू त्याआधीच हाताशी येतात. दगडमाती उपसून झाली आहे, शेणखत पडले आहे, भाऊबीज झाली की वाफे पडतील. यंदा मावशींनी गल्लीतल्या दहाही घरांना सांगून ठेवले आहे, “शेतात जावा, पर सांजच्याला बागंत या. भज्जी माज्याकडं हाय.”