काचेचा व्यासंग आणि चरितार्थ

काच फुंकणे हा धंदा म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो कारखाना. ज्यांनी तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याचे नाव ऐकले आहे, किंवा ज्यांच्या घरात ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील टांगलेला असे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. मोठी भट्टी, तिच्याभोवती कारागिरांची टोळी आणि नमुना ठरविणारा तिसराच कोणी! एकट्या माणसाने स्वतःची लहान भट्टी लावावी, कल्पनाही आपली आणि फुंकरही आपली, आणि त्यावर पोट भरावे, ही गोष्ट अमेरिकेत तरी १९६२ पर्यंत बहुतेकांना अशक्य कोटीतली वाटे. ती शक्य आहे असे दाखवून देणाऱ्या हार्वे लिटल्टनविषयी आज बोलायचे आहे.

लिटल्टनचा जन्म १९२२ चा, न्यू यॉर्क राज्यातील कॉर्निंग गावचा. गाव काचेचे, वडील तेथल्या काच कारखान्यात पदार्थविज्ञानाचे संशोधक. त्याच्या आईने १९१३ मध्ये बॅटरीच्या काचबरणीच्या कापलेल्या तळात केक भाजून पाहिला आणि त्या प्रयोगातूनच पुढे पायरेक्सची भांडी निघाली. अशा घरातल्या मुलाने पदार्थविज्ञान शिकावे, ही वडिलांची इच्छा स्वाभाविकच होती. मुलाने ते सुरू केले आणि सोडलेही. मग तो वळला तो काचेकडे नव्हे, मातीकडे. मातीची भांडी घडविण्याचे रीतसर शिक्षण घेऊन १९५१ पासून तो विस्कॉन्सिन विद्यापीठात तेच शिकवू लागला. आवडीची वाट अशी बाजूच्या आळीतून आली. मातीकाम करणारा स्वतःची भट्टी स्वतः बांधतो; तेव्हा काचेचीही का बांधू नये, हा प्रश्न त्याला सुचला त्याचे श्रेय मी मातीला देतो. इटलीतल्या मुरानो बेटावर त्याने लहान भट्ट्या पाहिल्या आणि हा विचार पक्का झाला.

अडचण कोठे होती, हे समजण्यासाठी काम पाहिले पाहिजे. भट्टीतली काच सुमारे ११०० अंश सेंटिग्रेडला मधासारखी असते. लोखंडी नळीच्या टोकावर तिचा गोळा घ्यायचा, दुसऱ्या टोकातून फुंकायचे, आणि नळी सतत फिरवीत राहायचे. हात थांबला की गोळा एका अंगाला लोंबलाच. निवली की पुन्हा आचेत धरायची. घडलेली वस्तू एकदम थंड होऊ दिली तर तडकते, म्हणून ती दुसऱ्या भट्टीत तासन्‌तास सावकाश निववावी लागते. आणि मुख्य भट्टी? ती रात्रीही विझवून चालत नाही. कारागीर निजला तरी इंधनाचे बिल जागेच असते!

मार्च १९६२ मध्ये टोलेडो येथील कलासंग्रहालयाच्या आवारातील एका शेडमध्ये लिटल्टनने पहिले शिबिर भरविले. पहिली काच नीट वितळलीच नाही, मूसही फुटली. तेव्हा डॉमिनिक लाबिनो या काचसंशोधकाने काचतंतू बनविण्यासाठी वापरतात त्या काचेच्या गोट्या वितळविण्याचे सुचविले. काच तयार झाली. पण फुंकायची कशी? ते दाखविले हार्वे लीफग्रीन या कारखान्यातून निवृत्त झालेल्या कारागिराने. विद्वान प्राध्यापक एकीकडे आणि आयुष्यभर फुंकलेला मनुष्य एकीकडे! नव्या चळवळीच्या इतिहासात या दुसऱ्याचे नाव फार लहान अक्षरांत छापले जाते, याचे मला वाईट वाटते.

आता चरितार्थाचे पाहू. पहिल्या पिढीला भाकरी मिळाली ती मुख्यतः शिकविण्यातून. लिटल्टनने विद्यापीठात काचेचा वर्ग काढला. विद्यार्थी इतर विद्यापीठांत गेले आणि तेथे वर्ग निघाले. पगार विद्यापीठाचा, भट्टीही विद्यापीठाची! त्यांपैकी डेल चिहुली याने मुळात गृहसजावटीचे शिक्षण घेतले होते. पुढील शिक्षणाच्या पैशासाठी तो अलास्कात मासेमारीच्या बोटीवर राबला. १९७१ मध्ये त्याने सिअ‍ॅटलच्या उत्तरेस पिलचक येथे काचेची शाळा काढण्यात पुढाकार घेतला. १९७६ च्या मोटार-अपघातात त्याचा एक डोळा गेला आणि १९७९ मध्ये खांदा दुखावला. तेव्हापासून त्याने नळी दुसऱ्यांच्या हाती देऊन स्वतः फक्त आराखडे व मार्गदर्शन करायचे, अशी पद्धत ठेवली. गंमत अशी, की एकट्याच्या भट्टीपासून निघालेली ही वाट फिरून टोळीपाशीच आली.

हस्तकौशल्य दुय्यम, कल्पना मुख्य, असे लिटल्टनचे मत होते. मला ते अर्धेच पटते. आरंभीच्या वर्षांतली कितीतरी कामे ओबडधोबड आहेत, आणि ती सगळीच हेतुपूर्वक तशी केलेली नाहीत. ही उणीव भरून काढण्यास मोठे साहाय्य झाले ते मुरानोचे. लिनो ताल्यापिएत्रा हा तेथील उस्ताद, अकरा-बारा वर्षांचा असल्यापासून भट्टीवर वाढलेला. १९७९ मध्ये तो पिलचकला शिकवायला गेला. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली युक्ती परक्यांना देतो म्हणून घरचे लोक त्याच्यावर रुष्ट झाले. त्याने मात्र अमेरिकन मुलांना हात शिकविला, आणि त्यांच्याकडून एक गोष्ट घेतली: दुसऱ्याच्या नमुन्यावर काम करणे सोडून, पन्नाशीनंतर तो स्वतःच्या नावाने वस्तू घडवू लागला.