मुलगे मैदानात का?

जानेवारी उजाडला की आमच्या महिला मंडळाला शाळांची बोलावणी सुरू होतात. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, म्हणजे आपला बालिका दिन. २४ तारखेला राष्ट्रीय बालिका दिन. मग काय, किशोरी मेळावे, हिमोग्लोबिन तपासणी, कराटेची प्रात्यक्षिकं, रांगोळी-मेंदीच्या स्पर्धा आणि 'वयात येताना' हे ठरलेलं व्याख्यान! दृश्य सगळीकडे सारखंच. मुली रांगेत बसलेल्या, दारं-खिडक्या लावलेल्या. आणि मुलगे? "त्यांना मैदानात सोडलंय मॅडम, इथे नुसता गोंधळ घालतात."

आता गंमत बघा. पाळी का येते, काळजी कशी घ्यायची, हे आपण मुलींना समजावतो. पण वर्गात एखादीच्या ड्रेसला डाग पडला तर हसणार कोण? ज्यांना मैदानात पाठवलं तेच! एका गावात सातवीतली मुलगी दर महिन्याला चार दिवस शाळेतच येईना. पॅड कसं वापरायचं हे तिला ठाऊक होतं, शाळेत ते मिळतही होतं. तिला धास्ती होती ती मागच्या बाकावरच्या हसण्याची. वर्षाकाठी किती शाळा बुडाली, हिशेब तुम्हीच करा. हे दुखणं मुलींना आणखी एक व्याख्यान देऊन कसं बरं होणार?

स्वसंरक्षणाचंही तेच. छेड काढणाऱ्याचा हात कसा पिरगाळायचा हे मुलींना जरूर शिकवावं. पण छेड काढू नये, हे कुणी कुणाला शिकवायचं?

म्हणून मुलींचे कार्यक्रम बंद करा, असं नाही हं! मुलींना त्यांची अशी जागा हवीच. घरातलाच कुणी नको तसा हात लावतो, शाळा सोडवून लग्न ठरवताहेत... हे मुलग्यांसमोर कोणती मुलगी बोलेल? म्हणून आम्ही वेळच वाटून घेतला. पहिला तास फक्त मुलींचा. त्याच वेळी शेजारच्या वर्गात आमच्या एका मैत्रिणीचे यजमान, निवृत्त शिक्षक, मुलग्यांशी बोलतात. फुटलेला आवाज, मिसरूड, मनातली भीती... त्यांचेही प्रश्न काही कमी नसतात. दुसरा तास सगळ्यांचा एकत्र. सुरुवातीला खुसुखुसू हसणं चालतं. पण एकदा एका मुलाने हळूच विचारलं, "आईला पण होतं का हे? मग ती तेव्हाही पाणी भरायला जाते?" सगळा वर्ग गप्प झाला.

हे काही आमचं डोकं नव्हे. 'मावा' ही मुंबईची संस्था १९९३ पासून स्त्री-पुरुष समतेविषयी पुरुषांशीच बोलते आहे. २००८ मध्ये मुंबईतल्या महापालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलगे-मुली दोघांसाठी 'जेम्स' हा समतेचा उपक्रम सुरू झाला. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातही १० ते १९ वर्षांचे मुलगे आणि मुली दोघेही आहेत. वाट आहे, चालायचं आपण.

आणखी एक. 'मुलींसाठी' म्हणून नेहमी रांगोळी आणि पाककृतीच का? एखादीला क्रिकेट आवडतं, एखाद्या मुलाचा हात मेंदीत सुरेख चालतो. एखादं मूल तर मुलगे-मुली या दोन्ही रांगांत अवघडून उभं असतं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी म्हणून ओळख मान्य केली, पण शाळेच्या रांगा अजून दोनच. निदान स्पर्धांची नावनोंदणी तरी सर्वांना खुली ठेवू या.

मैत्रिणींनो, पुढच्या पालकसभेत एवढं नक्की विचारा, की मुलींचा कार्यक्रम असतो तेव्हा मुलग्यांसाठी काय ठेवलंय? आणि घरात मुलगा असेल तर मेडिकलमधून पॅड आणायला त्यालाही पाठवा. काळ्या पिशवीशिवाय!