कोरडा टायर

परदेशातून येणाऱ्या नव्या टायरला विलगीकरणाचे कोणते नियम लागतात, यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी न्हावाशेव्याच्या बंदरावर जाईन असं त्यांनी गृहीत धरलं होतं. मी मराठवाड्यातल्या केजला गेलो. बंदरातून टायर निघून जातो, तपासणारेही त्याला विसरतात. त्याचं उरलेलं आयुष्य जिथे जातं ते गाव बघायचं होतं. मांजरसुंब्याकडून अंबाजोगाईला जाणारा रस्ता आणि कळंबहून धारूरकडे जाणारा रस्ता केजमध्ये एकमेकांना भेटतात. ऊसतोडीला निघणाऱ्या टायरगाड्या, ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या, मालट्रक, सगळ्यांची चाकं इथून फिरतात. त्यामुळे पंक्चर काढणारे, रिमोल्डचा, म्हणजे घासलेल्या टायरवर नवं रबर चढवण्याचा माल घेणारे आणि नवे टायर विकणारे अशा सगळ्यांची दुकानं रस्त्यालगत आहेत.

आधी नियमांचं सांगून टाकतो. ते वाटतात त्यापेक्षा साधे आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देश याबाबत सगळ्यात कडक समजले जातात. नवा टायर स्वच्छ असावा, त्यावर माती, गवताचं बी, किडा काही नसावं आणि मुख्य म्हणजे आत पाणी नसावं, एवढीच त्यांची मागणी. वापरलेला टायर असेल तर धुरी देणं किंवा उष्णतेची प्रक्रिया करणं आलं. टायरखाली लाकडी पट्ट्या असतील तर त्या लाकडाचा गाभा 56 अंश सेल्सिअसवर 30 मिनिटं तापवलेला हवा आणि त्यावर कणसाची आंतरराष्ट्रीय खूण हवी. आपल्या मराठवाड्यातच, वाळूजला, बाळकृष्ण इंडस्ट्रीजच्या कारखान्यात शेतीच्या आणि खाणीच्या यंत्रांचे टायर बनतात आणि या कंपनीचा बहुतेक माल परदेशी जातो. म्हणजे हे नियम पाळण्याची सवय आपल्याकडच्या कामगारांना चांगलीच आहे.

नव्या टायरला हे नियम कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. टायर साच्यात शिजतो तेव्हा तापमान दीडशे अंशांच्या वर असतं. त्यातून जिवंत काही बाहेर येणं शक्य नाही. साच्यातून निघालेला टायर निर्जंतुकच म्हणायचा. अडचण पुढे होते. तो गोदामात मावत नाही, अंगणात रचला जातो आणि एखादा पाऊस अंगावर घेतो. जागा वाचावी म्हणून कंटेनरमध्ये मोठ्या टायरच्या पोटात लहान टायर बसवतात. मग आतल्या टायरच्या तळाशी ओल आहे की नाही हे दारातून बॅटरी मारून दिसत नाही. सगळे बाहेर काढून एकेक फिरवावा लागतो.

आणि फिरवूनही पाणी निघत नाही. केजच्या एका दुकानात मी हे डोळ्यांनी पाहिलं, आणि त्यानंतर माझं लक्ष दुसऱ्या कशातच लागलं नाही. दुकान चालवणाऱ्या वयस्कर गृहस्थांना सगळा रस्ता मामू म्हणतो, मीही म्हणायला लागलो. त्यांनी ट्रकचा एक जुना टायर उभा केला, तळाशी दोन तांबे पाणी होतं. टायर आडवा पाडला. थोडं पाणी सांडलं, उरलेलं खालच्या भिंतीच्या खोबणीत जाऊन बसलं. पुन्हा उभा केला, पाणी पुन्हा तळाला. उलटा पाडला, दुसऱ्या भिंतीत. "आता बघा," म्हणाले आणि टॉमीने काठ उचकून धरला, तेव्हा कुठे धार लागली. तरी बोट फिरवलं तर आतून ओलाच. टायरची कड आत वळलेली असते, ती रिमला घट्ट धरण्यासाठी. हवा बाहेर जाऊ नये म्हणून दिलेला हा आकार पाणीही बाहेर जाऊ देत नाही.

एडिस जातीच्या डासाला नेमकं हेच हवं असतं. हा मूळचा झाडाच्या ढोलीत वाढणारा प्राणी. अंधार, खरखरीत भिंत, तळाशी पावसाचं साठलेलं पाणी, त्यात कुजणारी चार पानं. टायरमध्ये हे सगळं आयतं मिळतं, वर काळं रबर ऊब धरून ठेवतं. मादी अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या भिंतीवर एकेक चिकटवते. तिळाहून कितीतरी बारीक, काळी, काळ्या रबरावर. पाणी आटलं तरी अंडी मरत नाहीत, कित्येक महिने तशीच राहतात. पाऊस पडून पाणी त्यांच्यापर्यंत चढलं की फुटतात, आणि तीही सगळी एकदम फुटत नाहीत. काही पहिल्या पावसाला, काही दुसऱ्या, काही तिसऱ्या पावसाला. एखाद्या पावसानंतर लगेच कडक ऊन पडून पाणी आटलं तरी वंश बुडत नाही. अंड्यातून अळी, अळीतून कोष, कोषातून डास, उन्हाळी हवेत हे सगळं आठ-दहा दिवसांत उरकतं.

म्हणूनच कोरडा टायरही पुरता निर्धोक नसतो. आज कोरडा दिसतो तो आधी भिजला होता का, हे तपासणाऱ्याला कळायला हवं. नव्या टायरची बाजू इथे भक्कम असते, कारण तो कारखान्यापासून छपराखाली राहिला याची कागदोपत्री साखळी दाखवता येते. जुन्याला तसा इतिहास नसतो.

जगाने हा धडा महागात घेतला. ज्याला आशियाई वाघ-डास म्हणतात तो एडिस अल्बोपिक्टस आपल्याकडचाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं ते कलकत्त्याच्या नमुन्यांवरून. 1985 साली तो अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टन परिसरात वस्ती करून असलेला सापडला. माग काढल्यावर जपानसह आशियातून रिमोल्डसाठी येणाऱ्या जुन्या टायरांकडे बोट गेलं. 1988 पासून अमेरिकेने आशियातून येणारे वापरलेले टायर कोरडे, स्वच्छ आणि कीटकरहित असण्याची अट घातली. तोवर डास आत शिरला होता. 1990 मध्ये तो इटलीत जिनोव्हाला सापडला, तिथेही टायरांचाच व्यापार, यावेळी अमेरिकेतून आलेला. मग 2007 साली केरळात जाऊन आलेला एक माणूस इटलीच्या रॅव्हेना प्रांतात तापाने पडला, तिथल्या डासांनी तो ताप उचलला आणि दोनशेहून जास्त लोकांना चिकुनगुन्या झाला. विषाणू माणसाबरोबर आला होता. त्याला पसरवणारा डास टायरमधून आधीच येऊन बसला होता.

चिकुनगुन्या हे नाव केजच्या परिसराला नवं नाही. कळंबवरून पुढे जाणारा रस्ता बार्शीला पोहोचतो. त्या बार्शीत 1973 साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला आणि गावातल्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोकांना लागण झाल्याचं नोंदवलं. त्यानंतर तीसेक वर्षं हा आजार देशातून जवळपास दिसेनासा झाला. 2005 च्या अखेरीस तो परतला, 2006 मध्ये देशात 13 लाखांहून जास्त संशयित रुग्ण नोंदले गेले आणि मराठवाड्याने ते सांधे धरून बसलेलं वर्ष अजून विसरलेलं नाही. मामूंची पत्नी त्या पावसाळ्यानंतर कित्येक महिने भाकरी थापू शकली नव्हती. डेंगी तर आता दर पावसाळ्यातला.

मग आपण बाहेरून येणाऱ्या टायरकडे काय म्हणून बघतो? नव्या टायरच्या आयातीवर आपल्याकडे बंधनं आहेत, पण ती दर्जाची आणि व्यापाराची. 2009 च्या आदेशाने मोटारींच्या टायरला भारतीय मानक ब्युरोची खूण सक्तीची केली. जून 2020 मध्ये अनेक प्रकारच्या नव्या टायरांची आयात परवान्याखाली आणली. डासाची बाजू बंदर आरोग्य यंत्रणेकडे येते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार बंदराच्या आवारापासून निदान 400 मीटरपर्यंत रोगवाहक कीटकांवर नियंत्रण ठेवावं लागतं. डासामुळे आपण सगळ्यात कडक विलगीकरण करतो ते माणसाचं. पिवळ्या तापाच्या देशातून लस न घेता आलेल्या प्रवाशाला सहा दिवस ठेवून घेतात. कारण उघड आहे. पिवळा ताप भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस इजिप्ताय घरोघरी आहे. हा डास मूळचा आफ्रिकेचा, गलबतांवरच्या पाण्याच्या पिंपांतून जगभर पसरलेला.

म्हणजे 400 मीटरची ती रेघ बंदराभोवती आहे, आणि ती जिथे संपते तिथून केजपर्यंत टायर कोणी तपासत नाही. माझी काळजी इथे सुरू होते.

केजमध्ये टायर मरत नाही. ट्रकचा घासला की रिमोल्डला जातो. दोनदा रिमोल्ड झाला की आतून गेटरचं ठिगळ टाकून ट्रॉलीला लागतो. तिथूनही उतरला की शेतात येतो. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून छपरावर चढतो, मुरघासाच्या खड्ड्यावर दाब म्हणून बसतो, मधून चिरला की शेळ्यांच्या पाण्याची कुंडी होते. पंक्चरच्या दुकानात ट्यूबचे बुडबुडे बघायला जे पाणी ठेवतात, तेही कित्येकदा अशाच चिरलेल्या टायरमध्ये असतं. मामूंच्या दुकानातल्या त्या पाण्यात मी वाकून पाहिलं. ट्यूब बुडवली की अळ्या तळाला जायच्या, पाणी शांत झालं की शेपटी वर करून श्वास घ्यायला पुन्हा पृष्ठभागावर. "वळवळे हायत, ते काय करतेत?" मामू म्हणाले. मी सांगितलं तेव्हा त्यांनी एका शब्दानं वाद न घालता पाणी रस्त्यावर ओतून टाकलं. घासल्याशिवाय भिंतीवरची अंडी जात नाहीत हेही सांगितलं. मग त्यांनी तारेचा ब्रश शोधला.

एका दुकानाचं भागलं. आरोग्य सेवक आणि आशाताई कंटेनर सर्वेक्षणाला येतात, रांजण बघतात, हौद बघतात, अ‍ॅबेट हे अळीनाशक टाकतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगतात. पण पत्र्यावरच्या टायरपर्यंत ते चढणार कसे? आणि या तालुक्यात कोरडा दिवस पाळा असं सांगायला जीभ जड होते. धनेगावचं मांजरा धरण याच तालुक्यात. ते आटलं तेव्हा, 2016 साली, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. ज्या घरात पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, तिथे भरलेलं पिंप ओता असं कोणाला म्हणायचं? टायरातलं पाणी मात्र कोणाच्या उपयोगाचं नाही. सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

यावर परदेशात एक सोपा उपाय सांगतात, टायरला भोकं पाडा. मी तो मामूंपुढे ठेवला तेव्हा ते पहिल्यांदा चिडले. भोक पडलेलं केसिंग रिमोल्डवाला घेत नाही. "टायर फेकून द्यायला त्यो काय कचरा हाय का, साहेब?" त्यांच्या दुकानामागच्या ढिगात त्यांचं अडकलेलं भांडवल होतं. आणि एक भोक पुरतही नाही. टायर त्या बाजूने पडला तरच पाणी निघतं, दुसऱ्या कुशीवर पडला की नाही. छपरावरच्या टायरला मात्र चारी बाजूंनी भोकं पाडायला हरकत नसावी, त्याला आता कोणी विकत घेणार नाही. तो चिरून त्याचे तुकडे वजनाला ठेवले तर आणखी बरं.

2022 च्या नियमांनी टायर बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुन्या टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली. तापवून तेल काढण्यासाठी टाकाऊ टायर बाहेरून आणायलाही बंदी घातली. पण ही जबाबदारी कारखान्याच्या आणि पुनर्वापर करणाऱ्याच्या हिशेबात पुरी होते. शेतातल्या मुरघासावरचा टायर त्या हिशेबात येण्यासाठी आधी कोणीतरी तो उचलून गाडीत टाकायला हवा, आणि त्या उचलण्याचे पैसे कोण देणार, हे केजमध्ये मला कोणीच सांगू शकलं नाही. नगरपंचायतीने मे महिन्यात, ऊसतोडीची कुटुंबं गावात परतलेली असताना आणि पहिल्या पावसाआधी, किलोमागे काही ठरवून टायर गोळा केले तर निम्मा ढीग हलेल असं मामूंचं म्हणणं. ढिगावर ताडपत्री घालायची तयारी त्यांची स्वतःची आहे, पण ती फाटकी होती आणि मधोमध पडलेल्या खळग्यात मागच्या पावसाचं पाणी अजून होतं.